अर्धवटरावांची जपानी नातवंडे

पडद्यावर चित्रातली मुलगी बोलते, गाते, खेळते आणि तिच्या आड एक जिवंत माणूस बसलेले असते. जपानमधून आलेल्या या नव्या बोलक्या बाहुल्यांवर एक गमतीदार व्हिडिओ गेमही निघाला. मुले तो आवडीने खेळतात. मोठ्यांनीही तो एकदा पाहावा, कारण त्यात प्रेक्षकांच्या वागण्याविषयी मोलाचे काही सांगितले आहे.

रविवारची जेवणे आटोपली, की अलीकडे घराघरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. नातू मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला असतो. पडद्यावर मोठ्या डोळ्यांची, निळ्या-गुलाबी केसांची एक चित्रातली मुलगी कुठला तरी खेळ खेळत असते. खेळता खेळता तिची बडबड चालू असते. हरली की किंचाळते, जिंकली की स्वतःच टाळ्या पिटते. आजोबा चष्मा पुसून विचारतात, "ही कोण रे?" उत्तर येते, "ती स्ट्रीमर आहे." "खरी आहे की कार्टून?" या प्रश्नाचे उत्तर मात्र नातवाला चटकन देता येत नाही. "दोन्ही," असे म्हणून तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरतो.

अँटॉप हिलसारख्या वस्तीत हा संवाद एकाच दुपारी पाच-सहा भाषांत घडत असेल. येथे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. सेक्टरामागून सेक्टर, सारख्या दिसणाऱ्या इमारती आणि त्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून बदलीवर आलेली कुटुंबे. जवळच शेख मिस्री दर्गा आणि कोकरी आगाराची दाटीवाटीची वस्ती. हे 'आगार' मिठाचे. वडाळ्याच्या खाजणातली मिठागरे आता नावापुरतीच आठवणीत उरली आहेत. पलीकडे वडाळ्याला २००१ मध्ये आयमॅक्सचा घुमट उभा राहिला, तेव्हा पडदा जेवढा मोठा तेवढी मौज मोठी, असा सगळ्यांचा समज होता. पाव शतकही उलटले नाही तोच मौज तळहाताएवढ्या पडद्यावर येऊन बसली. त्या पडद्यावरच्या मुलीची ओळख करून घ्यायची, तर आधी आजोबांचा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. ती खरी की कार्टून?

चित्राला फुटलेली वाचा

जपानी चित्रपटशैली, जिला अॅनिमे म्हणतात, ती आपल्या घरांना अगदीच परकी नाही. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची जी मालिका लागायची, ती जपानमध्ये तयार झालेली होती. तिच्या हिंदी अवतारात शेरखानाला आवाज होता नाना पाटेकरांचा. युगो साको या जपानी निर्मात्याने राम मोहन यांच्यासारख्या भारतीय अॅनिमेशनकाराच्या साथीने केलेला 'रामायण' हा चित्रपटही त्याच सुमाराचा. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत नव्याने झळकला. पण मोगली काय किंवा त्या चित्रपटातला राम काय, लेखकाने लिहून दिले तेवढेच बोलणार. प्रेक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला शेरखान उत्तर देत नसे.

आभासी स्ट्रीमरचे वेगळेपण नेमके येथे आहे. ही चित्रे त्या क्षणी बोलत असतात. तुम्ही प्रश्न टाइप करावा आणि तिने तो वाचून, हसून, कधी टोमणा मारून उत्तर द्यावे, असा मामला. त्यामागची युक्ती सांगायला सोपी आणि करायला कष्टाची. चित्रकार आधी पात्राचे एक चित्र काढतो. मग केसांची बट, पापणी, भुवई, ओठ असा त्याचा एकेक भाग वेगळा करून ठेवला जातो. लाइव्ह-टू-डी नावाच्या जपानी सॉफ्टवेअरमध्ये हे तुकडे हलते केले जातात. पडद्याआड बसलेल्या माणसासमोर कॅमेरा असतो. साधा मोबाइलही चालतो. माणसाने भुवई उडवली की चित्राची भुवई उडते, माणूस हसले की चित्र हसते. आवाज अर्थातच त्या माणसाचा. चेहरा तेवढा कुणाला दिसत नाही.

या प्रकाराला नाव मिळवून दिले ते किझुना आई या पात्राने. मराठी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. हे 'आई' आपले नव्हे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरचा तो श्लेष आहे. २०१६ च्या अखेरीस ती यूट्यूबवर आली आणि तिने स्वतःला 'व्हर्च्युअल यूट्यूबर' म्हणवून घेतले. मुलांच्या तोंडी असलेला 'व्हीट्यूबर' हा शब्द त्यातूनच आला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, कव्हर या जपानी कंपनीने तोकिनो सोरा हे पात्र आणले. तिच्यामागून एकेक येत 'होलोलाइव्ह' नावाची मोठी मंडळीच उभी राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये, जग घराघरांत कोंडलेले असताना, या मंडळीची इंग्रजी बोलणारी पाच पात्रे आली. एक शार्क माशाच्या वेशातली, एक यमदूताची शिकाऊ उमेदवार, एक राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी, एक गुप्तहेर आणि एक ऑक्टोपसासारखे हात फुटलेली. कोंडलेल्या जगाला गप्पा मारणारे कुणी तरी हवेच होते. ही पाच पात्रे बघता बघता देशोदेशी पोचली.

शंभरी ओलांडलेले राव

हे सारे ऐकून एखाद्या मराठी आजोबांनी "यात नवे ते काय?" असे म्हटले, तर त्यांचे फारसे चुकणार नाही. आपल्याकडे अर्धवटराव आहेत. वाय. के. पाध्ये यांनी घडवलेल्या या बोलक्या बाहुल्याने शंभरी ओलांडली आहे. वडिलांनंतर रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून अर्धवटरावांना मांडीवर घेतले, सोबत आवडाबाईंचा संसार रंगवला आणि दूरदर्शनच्या काळात ही जोडी महाराष्ट्राच्या घरोघरी नेली. शब्दभ्रमकाराच्या बाहुलीत दोऱ्या आणि कळा असतात. आत घातलेल्या हाताने डोळे फिरतात, जबडा हलतो. कॅमेऱ्याने जे काम आता केले, ते तेव्हा बोटे करीत. ओठ न हलवता बोलण्याची साधना मात्र वेगळीच. जपानी मुलीला तेवढे कष्ट नाहीत.

गंमत अशी, की अर्धवटरावांना कोणी 'तो बाहुला' म्हणत नाही. 'राव' म्हणतात. ते आगाऊपणा करतात, मोठ्या माणसांची टोपी उडवतात आणि तो आगाऊपणा कोणी पाध्यांच्या खात्यावर मांडत नाही. बाहुलीला जे बोलण्याची मुभा असते, ती माणसाला नसते. माणूस शेजारी उघड बसलेला असूनही आपण बाहुलीकडे पाहून हसतो. हा प्रेक्षक आणि कलावंत यांच्यातला करार आहे. तो कुठे लिहिलेला नाही आणि सहसा कोणी मोडत नाही.

१९९३ मध्येच आलेल्या महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'त हा करार उलटा करून भीती आणि हसू दोन्ही काढले होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या शब्दभ्रमकार आणि त्याच्या बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बाहुल्याच्या आत माणूस आहे, या नुसत्या कल्पनेने पोरे रात्री आईच्या कुशीत शिरत. आजची पोरे त्याच कल्पनेला हसून दाद देतात. काळ बदलला, दुसरे काय!

चाहत्यांना शुद्धीवर आणण्याचा खेळ

आता त्या व्हिडिओ गेमकडे वळू. त्याचे नाव 'होलोक्युअर'. होलोलाइव्हच्या पात्रांवर त्यांच्याच एका चाहत्याने, के यू या पिक्सेल-चित्रकाराने, आपल्या साथीदारांसह तो तयार केला. जून २०२२ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये 'स्टीम' या संगणक-खेळांच्या मोठ्या दुकानात दाखल झाला. किंमत शून्य. खेळाच्या आत नाणी आहेत. पण ती खेळूनच मिळवायची, खऱ्या पैशांनी विकत घेता येत नाहीत. आपल्या मुलाच्या हाती मोबाइल देऊन नंतर बिल पाहणाऱ्या पालकांना या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

खेळाची कथा वाचून हसू येते. या स्ट्रीमर मुलींच्या चाहत्यांवर कसल्याशा दुष्ट शक्तीचा अंमल बसला आहे. ते बेभान होऊन आपल्याच लाडक्या कलावतीच्या अंगावर झुंडीने धावून येत आहेत. तिने त्यांना चोप देऊन शुद्धीवर आणायचे! आपण पडद्याकडे वरून पाहतो. मध्यभागी अंगठ्याएवढी मुलगी आणि चारी बाजूंनी येणारी गर्दी. गणेशोत्सवातल्या रात्री लालबागच्या रस्त्यावर गच्चीतून पाहावे तशी. हल्ल्याचे बटण सारखे दाबावे लागत नाही, हत्यार आपोआप चालत राहते. खेळाडूने फक्त वाट काढायची. शार्क मुलीच्या हाती त्रिशूळ, यमदूताच्या हाती विळ्यासारखे लांब पाते, गुप्तहेराकडे पिस्तूल. पडलेल्या चाहत्यांकडून रंगीत खडे मिळतात, ते गोळा केले की ताकद वाढते आणि नवे हत्यार निवडता येते. वीस मिनिटे तग धरायची. त्या वीस मिनिटांत गर्दी एवढी दाटते, की पडदा भरून जातो. शेवटी एक महाकाय प्राणी येतो. फुबुकी नावाच्या पात्राला गॉडझिलाएवढे करून त्याचे 'फुबुझिला' असे नाव ठेवले आहे. रक्त नाही, किळस नाही. इटलीच्या लुका गालान्ते यांच्या 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' या खेळाने, डिसेंबर २०२१ पासून, ही पद्धत लोकप्रिय केली होती. तिच्यावर येथे जपानी गोडवा चढवला आहे.

चाहत्यांनाही चेहरे आहेत. प्रत्येक स्ट्रीमर आपल्या प्रेक्षकांना एक लाडके नाव देते. फिनिक्स मुलीचे चाहते म्हणजे तिच्या कोंबडी तळणाऱ्या उपाहारगृहातले नोकर. यमदूताचे चाहते म्हणजे मेलेली मंडळी. खेळातली गर्दी या सोंगांचीच असते. म्हणजे खेळणारा चाहता पडद्यावर स्वतःच स्वतःच्या हातून मार खात असतो आणि खुशीत असतो. यावर कडी म्हणजे, होलोलाइव्हच्या अनेक मुलींनी हा खेळ आपल्या कार्यक्रमात, प्रेक्षकांसमोर, स्वतः खेळून दाखवला. अर्धवटरावांनी हातात अर्धवटरावांचीच छोटी बाहुली घेऊन तिला बोलते करावे, तसा हा प्रकार.

चाहत्याने कंपनीची पात्रे घेऊन खेळ केला आणि कंपनीने वकिलाची नोटीस धाडली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. कव्हर कंपनीने चाहत्यांच्या निर्मितीसाठी नियम आखून दिले आहेत. ते पाळून, नफा न कमावता केलेल्या कामाला तिची हरकत नसते. २०२३ मध्ये तिने आणखी पुढे जाऊन चाहत्यांचे खेळ रीतसर विकता यावेत, म्हणून 'होलो इंडी' नावाची वेगळी सोयही केली.

आवाज बदलला तर?

खेळातली झुंड गमतीची आहे. प्रत्यक्षातली नेहमीच तशी नसते. किझुना आईचे उदाहरण पाहावे. २०१९ मध्ये तिच्या चालकांनी एकाच पात्राला एकाहून अधिक आवाज द्यायला सुरुवात केली. चित्र तेच, नाव तेच. मग बिघडले कुठे, असा त्यांचा हिशेब असावा. चाहत्यांनी काहूर माजवले. २०२० मध्ये मूळ आवाज नोझोमी कासुगा यांचा असल्याचे जाहीर करण्यात आले. २०२२ च्या फेब्रुवारीत किझुना आईने दीर्घ विश्रांती घेतली, ती २०२५ मध्ये परतली.

अर्धवटरावांचाही आवाज बदलला होता. वडिलांचा गेला, मुलाचा आला. महाराष्ट्राने तो बदल प्रेमाने स्वीकारला, कारण त्यात वारसा होता आणि कोणापासून काही लपवलेले नव्हते. किझुना आईच्या चाहत्यांना जो चटका बसला, तो समजण्यासारखा आहे. ज्या माणसाशी आपण रोज बोलतो असे त्यांना वाटत होते, ते माणूसच बदलून टाकता येते, हे त्यांना अचानक कळले. म्हणजे नातवाचे ते 'दोन्ही' अगदी बरोबर होते. चित्र निव्वळ चित्र असते, तर कोणी रडले नसते.

जपानी भाषेत आतल्या माणसासाठी खास शब्द आहे, 'नाका नो हितो', म्हणजे आतले माणूस. आणि या जगात जुन्या प्रेक्षकांनी पाळलेली एक रीत आहे. आतले माणूस कोण, हे ठाऊक असले तरी बोलायचे नाही. एखादी मुलगी पात्र सोडून गेली, तर चित्र आणि नाव सहसा कंपनीकडे राहते. ती रिकाम्या हाताने जाते. पुढे ती दुसऱ्या चित्रामागे बसून बोलू लागते. जुने चाहते आवाज ओळखतात, मनात हसतात आणि गप्प बसतात. १ मे २०२५ रोजी त्या शार्क मुलीने, गावर गुराने, निरोप घेतला. तेव्हा यूट्यूबवर तिचे ४५ लाखांहून अधिक सदस्य होते. तिला निरोप देताना जगभरच्या पोरांनी डोळे पुसले.

रीत मोडणारेही असतातच. कोणी आतल्या माणसाचे खरे नाव शोधून चव्हाट्यावर मांडतो, कोणी घराचा पत्ता हुडकतो, कोणी रात्रंदिवस शिव्या लिहितो. हा त्रास एवढा वाढला, की डिसेंबर २०२२ मध्ये कव्हर आणि तिची स्पर्धक कंपनी एनीकलर यांना बदनामी आणि छळाविरुद्ध हातमिळवणी करावी लागली. दुष्ट शक्तीचा अंमल बसलेले चाहते ही कल्पना 'होलोक्युअर'ने हवेतून आणलेली नाही.

पडद्यामागे डोकावू नये

मराठी रंगभूमीला हा प्रश्न जुना आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले आणि प्रयोग रंगला. आपण ही हकीकत कलावंताच्या निष्ठेची म्हणून सांगत आलो आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. शालूच्या आत एक बाप होता. पुरुषाने स्त्रीचे रूप घेतले म्हणून त्याचे दुःख कमी खरे झाले नव्हते. मुखवटा कितीही सुंदर असला तरी आतले माणूस थकते, आजारी पडते आणि त्याच्या घरी मृत्यूही येतो.

आजच्या स्ट्रीमरला तर पडदा पडण्याची सोयही नाही. नाटक तिसऱ्या अंकानंतर संपते. येथे प्रेक्षक मध्यरात्रीही हजर असतो आणि "आज का नाही आलीस?" असे हक्काने विचारतो. त्याने कार्यक्रमात पैसे पाठवलेले असतील, तर तो हक्क आणखी वाढल्यासारखे त्याला वाटते. तिकीट काढले म्हणून कोणी बालगंधर्वांच्या घरी जेवायला बसत नसे. एवढा फरक आपल्या मुलांना समजावून सांगता आला, तरी पुष्कळ झाले.

दोन खोल्यांतली रंगभूमी

मग हे सारे थोतांड समजून मुलांच्या हातून काढून घ्यावे का? तसे मुळीच नाही. समजा, अँटॉप हिलच्या दोन खोल्यांच्या घरातल्या एखाद्या मुलीला जगाशी बोलायचे आहे. तिला गाता येते, नकला येतात, खेळात हात चांगला आहे. चेहरा दाखवायचा म्हटले की प्रश्न उभे राहतात. मागे वाळत घातलेले कपडे दिसतात. रंगरूपावर शेरे येतात. शेजारपाजार काय म्हणेल ही काळजी असते. आणि कोणी वाईट हेतूने घर शोधत येईल ही भीती तर खरीच असते. चित्राचा पडदा या सगळ्यांवर एकदम उतारा ठरतो. कुकरची शिट्टी तेवढी लपत नाही. पण ती ऐकून प्रेक्षक हसतील आणि तिला अधिकच आपली मानतील.

आपल्याकडे असा प्रयत्न झालेला आहे. एनीकलर कंपनीच्या 'निजीसांजी' या मंडळीने २०२० मध्ये भारतासाठी शाखा काढली. आद्या, नूर आणि विहान अशी तीन पात्रे तिने आणली. २०२१ मध्ये ती शाखा बंद झाली. पण वाट दिसलेली आहे. चित्र काढणारी, त्याला हलते करणारी, संगीत देणारी मुले मुंबईत कमी नाहीत. संगणक शिकवणारे कॉलेज तर अँटॉप हिलच्या मुलांना हाकेच्या अंतरावर आहे. विद्यालंकारच्या आवारात रोज शेकडो मुले त्याच रस्त्याने जातात. बाहुलीच्या तोंडून मोठ्यांची टोपी उडवण्याची परंपरा मराठीत पिढीजात आहे. एखाद्या मराठी चित्रकन्येने अस्सल गिरणगावी बोलीत खेळाचे समालोचन केले, तर ते ऐकायला आजोबासुद्धा येऊन बसतील.

तोवर घरच्यांनी थोडेसे करावे. मूल काय पाहते, ते शेजारी बसून एकदा पाहावे. ज्याची त्याला मौज वाटते, तिची चेष्टा करू नये. पैसे पाठवण्याचे बटण कुठे आहे, ते माहीत करून घ्यावे आणि ते मोठ्यांच्या परवानगीनेच दाबायचे, असे ठरवावे. मुलाने स्वतः असे काही सुरू केले, तर खरे नाव, शाळा, इमारतीचा क्रमांक बोलण्यात येऊ नये याची काळजी घ्यावी; खिडकीबाहेरच्या मंडळाच्या लाउडस्पीकरवरूनही पत्ता कळतो. आणि झोपेची वेळ झाली की खेळ बंद. हा नियम स्ट्रीमरला, प्रेक्षकाला आणि पालकांना सारखाच लागू असावा.

'होलोक्युअर'मध्ये शत्रू कोणीच नाही, हे त्यातले मर्म आहे. समोरून चाल करून येणारी गर्दी प्रेमाचीच असते, फक्त तिचे भान सुटलेले असते. तिला नष्ट करायचे नसते, शुद्धीवर आणायचे असते. खेळात त्यासाठी त्रिशूळ आणि पिस्तूल लागते. घरात मात्र जवळ बसून मारलेल्या चार गप्पा पुरतात.